तीन नावांची भाजी

फाटक वाजलं आणि मनिषाच्या हातातला कालथा तसाच राहिला. आक्का? एवढ्यात? पूजेला जैन मंदिरात गेल्या की दुपारशिवाय परतत नाहीत, या एकाच भरवशावर तर तिनं गॅस पेटवला होता!

तव्यावर पेडवे चुरचुरत होते. लहान, रुपेरी मासे. वास पार परसापर्यंत पोचलेला. आता खिडकी लावून काय झाकणार, कपाळ?

निपाणीत ही खोली देताना पद्मावती आक्कांनी एकच अट घातली होती, "घरात मांस-मासळी शिजायची न्हाय." मनिषानं आणि तिच्या नवऱ्यानं, अमृतनं, मुकाट मान डोलावली होती. पण तेव्हा पोटात बाळ नव्हतं. आता सातवा लागला तरी खाल्लेलं काही ठरेना. डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या, "बाळाचं वजन वाढत नाहीये. जे पोटात राहील ते खा." आणि जीव मागत होता फक्त माहेरचे, वेंगुर्ल्याचे पेडवे. डोहाळ्यांना घरमालकिणीची अट कुठली कळायला?

आक्का दारात येऊन थांबल्या. नाकाला पदर. अशा दिवसांत संसार उचलून जायचं कुठं?

"काय शिजतंय गं?"

खोटं बोलवेना. "पेडवे, आक्का."

"ही कसली भाजी?"

"इथं बाजारात तारली म्हणतात."

"तारली? ऐकली न्हाय बाई कधी."

"कन्नड बायका बूताय म्हणतात." मनिषाला रडू फुटलं. "चुकलं माझं, आक्का. आम्ही खोली सोडतो."

"भाजीपायी कोण खोली सोडतंय व्हय? तीन नावं सांगितलीस, मला एक बी ठावं न्हाय. रडू नगंस. बस, गरम हाय तवर खा."

आक्का वळून गेल्या. खरंच कळलं नाही की काय यांना? किती भोळी बाई! सातेरीआई, पावलीस गं, म्हणत तिनं माहेरच्या देवीला मनोमन हात जोडले आणि भाताचा पहिला घास घेतला. पोटानं तो मुकाट ठेवून घेतला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

तिकडं न्हाणीत पाणी पडू लागलं. आक्का दुसऱ्यांदा आंघोळ करत होत्या. दाराआडून त्यांचा आवाज आला,

"सावकाश खा गं पोरी. काटं लई असत्यात त्यात."