साक्षीदार

पहिला फटका रुपालीच्या खांद्यावर बसला. दुसरा तिने कोपरावर झेलला. हातातली पिशवी टाकून ती पळाली.

पवनानगरच्या थांब्यावर भर दुपारी तिचा नवरा तिला मारत होता. हा पप्पू धरणाकाठी पर्यटकांच्या कॅम्पवर तंबू उभारायचा. तिथलीच लोखंडी सळई त्याच्या हातात होती. न विचारता ती माहेरी निघाली, एवढंच निमित्त. बसची वाट बघणारी माणसं बाजूला सरली. जीपवाले दत्तोबाभाऊ म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण मधी पडू नये.

थांब्याच्या कडेला लोखंडाची एक भलीमोठी बाई मांडी घालून बसलेली होती. मागच्या उन्हाळ्यात एका शिल्पकार बाईने ती लोकांसाठी घडवली होती. मांडीत बसलं की तिचे हात सावकाश खाली येऊन माणसाला कवेत घेत. तळवा दाबला की गार पाणी येई. बाजाराहून दमून आलेल्या बायका तिथे घटकाभर डोळे मिटत. सगळे तिला आई म्हणत.

रुपाली त्या मांडीत शिरली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. लोखंडी हात तिच्याभोवती आले. पप्पूचे फटके आता त्या हातांवर आदळू लागले. एका घावासरशी तळवा तुटून पडला आणि पाण्याची चिळकांडी उडाली.

तेव्हा अख्खा थांबा धावला. दत्तोबाभाऊंनी पप्पूची गचांडी धरली.

"आईवर हात टाकतो व्हय रं?"

लोकांनी त्याला नाकातोंडातून रक्त येईस्तोवर तुडवलं. रुपालीच्या कोपरातून ओघळणारं रक्त तिने स्वतःच पदराने दाबून धरलं.

चौकीत सगळे एकदमच बोलत होते. हवालदाराने लिहून घेतलं : आईच्या डाव्या हाताला पोचे आले, तळवा तुटला, नळ फुटला. मग साक्षीदार म्हणून सही कर, असं सांगून त्याने कागद रुपालीपुढे सरकवला.

तिने तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला. तिचं नाव त्यात एकदाच होतं, तेही सहीच्या जागी. दत्तोबाभाऊ खाली बघत राहिले.

तिने कागद पालथा केला आणि कोरी बाजू हवालदारापुढे ठेवली.

"आता हितं माझं लिवा," ती म्हणाली. "चार वर्सांमागनं सुरू करा."