लाख बेलाची बाकी

थोरला भाऊ शिवशरण कपिलधारच्या डोहात बुडाला, तेव्हा 'पाय घसरला' असा जबाब धोंडप्पानं निजामाच्या अमीनसाहेबांपुढं दिला होता. हात आपणच सोडला, हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

आज भावाच्या नावानं लाख बेल वाहायचा होता. लाखाला दोनानं भागा, पाचानं भागा, बाकी उरत नाही. पण जोड्या लावल्या, तर एक पान उरलं. ओलं. धोंडप्पानं ते फेकलं. मग पाचापाचांचे ढीग लावले. पुन्हा एक उरलं, तेही ओलंच.

"वैनी, तुमी मोजा."

शिवशरणच्या विधवेनं, महादेवीनं, सगळं मोजलं. "उरले," ती म्हणाली.

"उरलं म्हना. एकच पान हाय."

"पानं समदी भागली, भावजी." त्याच्या पाठीमागं बघत तिनं पदर सावरला. "हे उरले."