धूर निघेपर्यंत

गुणवंतरावांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून सूनबाई क्षमा त्यांना रोज चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल पाजत असे. ते गिळलं की त्यांचा घसा जळे, ठसका लागे, आणि दर ठसक्याला त्यांच्या पत्नी शरयूबाई पाण्याचा पेला घेऊन धावत. कच्चं तेल छातीला बाधतं, असं त्यांच्या सासूबाई सांगत. शेवटी नवी बाटली आली त्या दिवशी सून कॉलेजात शिकवायला गेल्यावर त्यांनी राईच्या तेलाचा उग्रपणा मोडतात तसं ते कढईत धूर निघेपर्यंत तापवलं, निववलं आणि गुपचूप बाटलीत परत भरलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव खुशीत म्हणाले, "चलो, आज जळलंच नाही!"

क्षमाने बोट लावून चाखलं. तिचा चेहरा पडला.


"आई, दुकानदारानं नकली दिलं हो! घसा जळतो ना, तेच तर त्यातलं औषध असतं."