कच्ची वही

येवल्याच्या शाळेने पाठवलेल्या पाच हजार शंभर रुपयांपुढे रंगनाथकाकांनी पाच हजार दहा लिहिले होते. स्नेहलने पावती पुन्हा पाहिली, पेटीतली रोकड पुन्हा मोजली. नव्वद रुपये जास्त भरत होते. तिने दाराकडे एक नजर टाकली, खोडरबर उचललं आणि काकांच्या वळणाचा आकडा काढून काम उरकून टाकलं.

लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला मदत करणारी ती संस्था. इंदिरानगरात दोन खोल्यांचं ऑफिस आणि एक कुरकुरणारा पंखा. रंगनाथकाका तिथले खजिनदार, बिनपगारी. बँकेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी अकराच्या ठोक्याला इस्त्रीच्या शर्टात हजर. सकाळची शाळा सुटली की गणिताची बाई असलेली स्नेहल त्यांच्या मदतीला यायची, तीही बिनपगारी. काकांनी कच्च्या वहीत पेन्सिलीने हिशेब लिहायचा आणि तिने तो तपासून कॉम्प्युटरवर चढवायचा. कॉम्प्युटरला काका चार हात लांबच ठेवत.

पहिली चूक तिला दोन वर्षांपूर्वी सापडली, ती आली त्याच महिन्यात. सांगायला ती उठलीसुद्धा होती. पण तेवढ्यात विश्वस्त शेखरराव बाहेर फोनवर बोलताना ऐकू आले.

"म्हातारा ऐंशीला टेकलाय. वहीत एक चूक हाती लागू दे, सन्मानाने नारळ देऊ."

स्नेहल पुन्हा खाली बसली. नारळ हातात घेऊन हा माणूस उद्या अकरा वाजता जाणार कुठे?

तेव्हापासून महिन्याला एक चूक, अगदी नेमाने. दानपेटीत तीनशे साठ, तर वहीत तीनशे सहा. कुठे एखादी पावतीच चढवायची राहिलेली. नशीब एवढंच, की पैसे कधी कमी पडत नसत, वर उरत. स्नेहल उरलेला रुपया न् रुपया जिथला तिथे लावायची आणि काकांसमोर आलं घातलेला चहा ठेवायची. शाळेत पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारणारी बाई इथे गुपचूप खोडते, याचं तिचं तिलाच हसू यायचं.

मागच्या मार्चमध्ये मात्र काकांनी कमालच केली. नामपूरहून कुसाबाई आल्या होत्या, चार वर्षांच्या नातीची फाइल घेऊन. कागद अपुरे, ऑपरेशन दोन दिवसांवर. शेखरराव म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू.

"कागद उद्या येतील. पोरगी थांबणार नाही," काका म्हणाले. साठ हजारांचा चेक लिहून, रिक्षा करून, अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांनी दुसरी सही आणली.

पंधरा दिवसांनी कुसाबाई पिशवीभर कांदे घेऊन दारात उभ्या. "पोर आते बरी शे, भाऊ."

काकांनी स्वतः जाऊन पेढे आणले, वॉचमनपासून सगळ्यांना वाटले. त्या आनंदाच्या भरात तोच चेक वहीत दुसऱ्यांदा लिहिला. त्या महिन्याची चूक आधीच होऊन गेली होती, ही वरची. स्नेहलने पेढा खातखातच ती खोडली. तिला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी वार्षिक सभा भरली. शेखररावांनी सोबत एक सीए आणला होता.

"कॉम्प्युटरचं राहू द्या," ते म्हणाले. "कच्ची वही आणा."

स्नेहलने वही आणून टेबलावर ठेवली. सीएने तासभर दोन वर्षांची पानं उलटली, पावत्या लावून पाहिल्या. मग चष्मा काढला.

"एकही चूक नाही."

शेखररावांनी वही ओढून घेऊन पुन्हा चाळली. काका मात्र उठून उभे राहिले. "आता मीच थांबतो. खजिनदार म्हणून स्नेहलचं नाव सुचवतो. माझी दोन वर्षांची खात्री आहे."

कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

सगळे पांगल्यावर काकांनी खिशातून छोटी डायरी काढून तिच्यापुढे ठेवली. "वाच."

जुलै, दानपेटी, ३६० चे ३०६. ऑगस्ट, एक पावती वगळली. ओळीमागून ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. शेवटची ओळ होती: येवला शाळा, ५१०० चे ५०१०.

स्नेहलला उमगायला जरा वेळच लागला. "काका, म्हणजे तुम्ही मुद्दाम…"

"मग? पस्तीस वर्षं कॅशवर बसलोय मी!" काका खुशीत होते. "वर पैसे उरतील अशी महिन्याला एक चूक पेरायचो. तू एक रुपया इकडचा तिकडे केला नाहीस आणि म्हाताऱ्याचा डांगोराही पिटला नाहीस. मला असंच माणूस हवं होतं. बाकी माझ्या हातून आजवर एक आकडा चुकलेला नाही."

"धन्य आहे तुमची," स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"चोवीस महिने, चोवीस चुका. सगळ्या पकडल्यास. मोज हवं तर."

स्नेहलने मागच्या मार्चचं पान काढलं. तिथे एकच ओळ होती, कुठल्याशा दुकानाच्या देणगीची. नामपूरचा चेक कुठेच नव्हता.

तिने डायरी मिटली.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "चोवीसच."