काळभुजंग वल्द आत्माराम

"काळभुजंग बंद. पुढच्या शोपासून तू बनाना किंग," असं म्हणत अनंतशेठनं टेबलावर एक पिवळी चड्डी फेकली. तिच्यावर केळीचे घड छापले होते.

किरण सोनवणे त्या चड्डीकडे बघतच राहिला. सहा वर्षं तो शेठच्या रेसलिंग शोमध्ये काळा मुखवटा चढवून काळभुजंग म्हणून लढत होता. शाहपुर, रावेर, खंडवा, जिथे शो लागेल तिथे लोक त्या नावानं घसा फोडून ओरडत. कोण जिंकणार ते शेठ आधीच ठरवी, पण रिंगमध्ये आपटल्यावर लागायचं ते खरंच लागायचं.

कारण विचारलं तर शेठ धड बोलेना. नाव जुनं झालं, पब्लिक कंटाळली, असलं काहीबाही सांगत बसला. किरणला त्यातलं एक अक्षरही पटलं नाही. शेठचा भाचा विशाल नुकताच शोमध्ये आला होता. तयार नाव आयतं भाच्याच्या घशात घालायचा हा डाव आहे, असं किरणनं तोंडावरच सांगितलं.

"नाव मी ठेवेल हाये," शेठ म्हणाला. "तुझ्या आधी तीन साल हाच मुखवटा दुसऱ्याच्या तोंडावर होता. तुझं काय हाये त्यात?"

"लोक मले ओळखतात."

"लोक मुखवट्याले ओळखतात. काळभुजंग म्हणजे तूच, असा एक कागद दाखव. हाये?"

कागद नव्हता. बुधवारा पेठेतल्या त्या ऑफिसचा जिना किरण दाणदाण पाय आपटत उतरला. शेठ स्वतः काय साधा दुकानदार नव्हता. त्याचे कान पैलवानी, मोडलेले होते. गुडघा गेला म्हणून खेळ सोडला, असं तो सांगे. कोणत्या नावानं खेळत होता म्हणून विचारलं की विषय बदली. स्वतःचं नाव कुणाला आठवत नाही, म्हणून हा दुसऱ्याचं पुसायला निघालाय, असं किरणला वाटलं आणि त्याला शेठची किळस आली.

कागदच पाहिजे ना? दुसऱ्याच दिवशी किरणनं नोटरी गाठला. नाव बदलायचं शपथपत्र झालं, वर्तमानपत्रात जाहिरात आली, राजपत्रासाठी भोपाळला अर्ज गेला. पिवळी चड्डी त्यानं घातली नाही आणि शोमध्येही पाऊल टाकलं नाही.

घरात मात्र महाभारत झालं. पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव काळभुजंग लिहू का, असं त्याच्या बायकोनं, मनीषानं विचारलं. लिही, म्हणाला. त्या दिवसापासून ती त्याच्यापुढे ताट आदळून ठेवू लागली. त्याचे वडील आत्माराम पेपर मिलमधून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली.

"मी ठेवेल नाव तुले जड झालं?" एवढंच विचारून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. हे किरणला फार लागलं. पण लागलं म्हणून मागे फिरेल तर तो किरण कसला? वडिलांच्या अबोल्याचं खापरही त्यानं शेठच्याच माथी फोडलं.

साडेतीन महिन्यांनी नवं आधार कार्ड हातात आलं. 'काळभुजंग आत्माराम सोनवणे.' ते त्यानं शेठच्या टेबलावर आपटलं.

शेठनं चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. भाच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. "मान गया तुले. नाव तुझं. बस?"

"बस नाही. स्टॅम्पवर लिहून द्या. पहिल्या दिवसापासून काळभुजंग मीच."

"पहिल्या दिवसापासून कसा? पहिले तीन साल तू या शोत नव्हता."

"पोस्टरवर 'नऊ साल अजिंक्य' छापता ना? मग नऊच्या नऊ माझी. नाहीतर उद्या तुमचा विशाल ती तीन घेऊन माझ्या छातीवर बसेल."

शेठ चिडला, हातघाईवर आला, दोनदा खुर्चीतून उठला. हे सोडून काहीही माग, म्हणाला. तो जितका नको म्हणे तितका किरणला चेव येई. शेवटी शेठनं विशालला स्टॅम्प पेपर आणायला पाठवलं. मजकूर किरणनं स्वतः सांगितला. या मुखवट्यामागे पहिल्या कुस्तीपासून आजपर्यंत मीच होतो, दुसरा कोणीही नव्हता. दोघांनी सह्या केल्या. विशाल आणि खालचा चहावाला लोटू साक्षीदार झाले. शेठचा उतरलेला चेहरा बघून किरणचा साडेतीन महिन्यांचा जळफळाट शांत झाला.

शेठनं एक फोन लावला. "या वर," एवढंच बोलला.

जिन्यावरून दोन पोलीस आले. त्यांच्यातल्या साहेबानं स्टॅम्प पेपर उभ्याउभ्याच वाचला आणि आधार कार्डाशी नाव ताडून पाहिलं.

"आठ साल पहिले एका जत्रेत, कुस्ती संपल्यावर काळभुजंगनं एका माणसाची मान मोडली," साहेब म्हणाला. "माणूस जागीच खलास. मुखवटेवाला फरार. चार महिने पहिले फाइल पुन्हा उघडली, तेव्हापासून शेठले विचारून राहिलो, कोण होता तो. शेठ म्हणे, थांबा साहेब, तो स्वतःच कागद घेऊन येईल."

किरण शेठकडे वळला. "सांगा ना त्यांना. तेव्हा मुखवट्यात कोण होतं ते सांगा."

"मी काय सांगू?" शेठ म्हणाला. "आत्ताच तर तू माझ्याकडून लिहून घेतलं."