मुरुडशेंगेचा अर्क

काचेच्या नळीत शेळीच्या आतड्याचा बोटभर तुकडा दोऱ्यानं टांगला होता. कोमट खारट पाण्यात तो अजून हलत होता. विनोद सरांनी वरून औषधाचे दोन थेंब सोडले, तसा तो आखडला आणि कॉम्प्युटरवरची रेघ सरसर वर चढली.

"लई कळ आली हिला," कुशाबाई पुटपुटली.

मग सरांनी मुरुडशेंगेचा अर्क घातला. पोटातल्या मुरड्यावरची ही शेंग कुठली घ्यायची, किती वाळवायची, कशात उगाळायची, सगळं कुशाबाईनंच सांगितलेलं. तिची नात प्रगती याच फार्मसी कॉलेजात शिकत होती आणि तिनंच आजीला इनामगावाहून मोठ्या हौसेनं शिरूरला आणलं होतं. रेघ हळूहळू खाली आली. तुकडा सैल पडला.

"उतरली," कुशाबाईला हायसं वाटलं. "आता चरंल."

वर्गातली पोरं हसली. प्रगतीलाही हसू आलं, ते तिनं आवरलं नाही.

"आजी, शेळी सकाळीच कापलीय," सर म्हणाले. "आणि एक सांगतो. आता हे गावात कुणाला द्यायचं नाही. परवाना लागतो. काही झालं तर केस होते."

"चाळीस वरीस देतीया, सायेब. कुणाला काय झालं न्हाई."

"प्रगती, समजाव त्यांना."

प्रोजेक्टचे मार्क सरांच्या हातात होते. "सर बरोबर सांगताहेत, आजी," प्रगती म्हणाली. घरी ती आजीशी असं पुस्तकी कधी बोलत नसे. कुशाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

परत जाताना एसटी स्टँडवर दोघींना गावातली सारिका भेटली. तिची पाच वर्षांची पोरगी पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन बाकावर कण्हत होती.

"बरं झालं गावलीस, मावशे. सकाळधरनं मुरडा हाय हिला. डाक्टर दोनला येणार म्हणत्यात. शेंग हाय का जवळ?"

कुशाबाईचा हात कनवटीला गेला. तिथंच थांबला.

"हिला इचार," ती प्रगतीकडं बोट करून म्हणाली. "आता हिला कळतंय."

शेजारच्या टपरीवर प्रगतीच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. दोघी इकडंच बघत होत्या.

"ताई, दोनपर्यंत थांबा," प्रगती म्हणाली. "आजी आता काही देत नाही."

सारिकाला काही उमगेना. ती आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडं बघत राहिली. पोरगी कळवळून ओरडली तशी तिच्याकडं वळली.

गाडी लागली. कुशाबाई आधी चढली, खिडकीशी बसली. बाजूच्या मोकळ्या सीटवर तिनं आपली पिशवी ठेवली. प्रगती जवळ येऊन उभी राहिली, तरी तिनं ती उचलली नाही.