गळ्याची पट्टी

"डोकंच बाहेर येईना त्यांचं," आई म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. "कान लालबुंद झाले, तरी म्हणतात, अगदी छान बसलाय!"

काल नवरदेवांनी स्वेटर घालून पाहिला आणि तो गळ्यातच अडकला. लग्न आज अकराला, विवाह नोंदणी कार्यालयात. कोटबिट काही नको, घालीन तर हाच, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

म्हणून सकाळीच आईने गळ्याची पट्टी उसवली. मायलेकी नटूनथटून खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर स्वेटर. आईने गळ्याभोवतीचे टाके गोल सुईवर नीट उचलले. एक सुलट, एक उलट. पट्टी भराभर वर येऊ लागली.

"टाके बंद करताना जाड सुई घे," लेक म्हणाली. "आणि हात सैल सोड. मागच्या खेपेला तिथेच घट्ट झालं."

"मला शिकवतेस?"

"तूच शिकवलंयस. आज विसरलीस."

"लक्ष कुठे ठिकाणावर आहे गं आज."

लेकीचे डोळे भरून आले. आईने तिच्या गालावर टिचकी मारली. "ए, रडायचं नाही हं. लांब कुठे जायचंय? दोन गल्ल्या सोडून तर घर."

"माहितीये," लेक नाक ओढत म्हणाली. मग दोघीही रडल्या आणि एकमेकींची तोंडं बघून हसल्या.

बाहेर मामाने गाडीचा भोंगा वाजवला. "नवरी तयार आहे का? की दुसरी बघू?"

"थांब रे मामा! गळा व्हायचाय अजून!"

शेवटचा टाका गाडीतच बंद झाला.

कार्यालयाच्या पायरीवर नवरदेव पातळ शर्टात कुडकुडत उभे होते. आईने स्वेटर पुढे केला. त्यांनी श्वास रोखून डोकं आत घातलं आणि ते अलगद बाहेर आलं. पट्टी गळ्याभोवती सपाट बसली, कुठे चुणी नाही की ताण नाही.

"कसं वाटतंय?" मामाने विचारलं.

"कान शाबूत आहेत!"

सगळे खो खो हसले.

आत अधिकारी घाईत होते. नवरदेवांना बसवून त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे हात केला आणि लेकीला म्हणाले, "या नवरीबाई, बसा."

लेकीने खुर्ची मागे ओढली आणि आईला तीत बसवलं.